वस्तूसमोर उभं राहून लिहिताना : संग्रहालयात शाळेच्या मुलांची भाषा-कार्यशाळा कशी घ्यावी

संग्रहालयात भाषेची कार्यशाळा पहिल्यांदाच घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एक प्रश्न देते. मुलानं लिहिलेलं वाक्य वाचा आणि स्वतःला विचारा, हे वाक्य वर्गात बसून लिहिता आलं असतं का? ‘ही मूर्ती खूप सुंदर आहे’ हे जगातल्या कुठल्याही मूर्तीविषयी, कुठल्याही बाकावर बसून लिहिता येतं. ‘हिच्या डाव्या पायाचा अंगठा बाकीच्या बोटांपेक्षा गुळगुळीत झालाय’ हे तिच्यासमोर वाकून पाहिल्याशिवाय सुचतच नाही. वस्तूंची निवड, प्रश्न, वेळेचं गणित, सगळी खटपट या दुसऱ्या वाक्यासाठी करायची असते. तुम्ही संग्रहालयात नव्यानं रुजू झालेले असा, स्वयंसेवक असा किंवा आपल्याच वर्गाला घेऊन येणारे शिक्षक असा, पुढच्या पायऱ्या याच क्रमानं घ्या.

आधी शिक्षकांशी बोला

तारीख ठरवण्याच्या फोनवरच विचारून घ्या, सध्या भाषेच्या तासाला काय चाललंय? पत्रलेखन, संवाद, वर्णन, कविता, की विशेषणं आणि क्रियाविशेषणं? त्यातलं एकच उचला. ‘मुलांचं भाषाकौशल्य वाढावं’ ही इच्छा झाली, तिला उद्दिष्ट म्हणता येत नाही. ‘दोन वस्तूंची तुलना करणारी चार वाक्यं प्रत्येक मूल लिहील’ हे उद्दिष्ट, कारण ते साधलं की नाही हे शेवटी कागदावर दिसतं.

याच बोलण्यात आणखी चार गोष्टी कळायला हव्यात. मुलं किती, सोबत मोठी माणसं किती, घरी वेगळी भाषा बोलणारी मुलं कोणती, आणि कुणाला पाहायला, ऐकायला, चालायला किंवा लिहायला अडचण आहे का. हे आदल्या दिवशी कळून उपयोग नसतो, कारण वस्तूंची निवड यावरच ठरते.

कधी कधी शाळेला ही सहल म्हणजे अभ्यासाचा बुडालेला दिवस वाटतो. तेव्हा सांगण्यासारखा एक मोठा अभ्यास आहे. अमेरिकेत आर्कान्सा राज्यातलं क्रिस्टल ब्रिजेस कलासंग्रहालय 2011 मध्ये उघडलं, तेव्हा भेटीसाठी शाळांचे इतके अर्ज आले की आधी कोणी यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागलं. संशोधकांनी त्याचाच उपयोग करून 123 शाळांतल्या जवळजवळ 11,000 मुलांची तुलना केली. काही आठवड्यांनी मुलांना पूर्वी न पाहिलेल्या एका चित्रावर छोटा निबंध लिहायला दिला. जी मुलं संग्रहालयात जाऊन आली होती, त्यांच्या निबंधांत निरीक्षण आणि तर्क अधिक दिसला, आणि हा फरक खेड्यातल्या आणि गरीब शाळांतल्या मुलांत जास्त होता. हे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्याध्यापकांना हे जरूर सांगा.

दालनात एकट्यानं फिरा

शाळा येण्याच्या आधी एक सकाळ काढा आणि तीन वस्तू निवडा. तीनपेक्षा जास्त नको. नवखा माणूस हमखास सात-आठ निवडतो, कारण सगळंच दाखवावंसं वाटतं. ती ओढ मला समजते, पण आवरा.

निवडताना गुडघ्यावर बसून पाहा. तुमच्या डोळ्यांना स्पष्ट दिसणारी वस्तू आठ वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून पाहिली की कित्येकदा काचेवरच्या दिव्याच्या प्रतिबिंबाशिवाय काहीच दिसत नाही. दहा-बारा मुलं एका वेळी भोवती उभी राहू शकतील का, आणि त्यामुळे बाकीच्यांची वाट अडते का, हेही तिथेच पाहून घ्या. सर्वांत प्रसिद्ध वस्तू शक्यतो टाळा. तिच्यापुढे गर्दी असते, आणि तिच्याविषयी काय म्हणायचं असतं हे मुलांना आधीच ठाऊक असतं.

मला स्वतःला वापरलेल्या वस्तू आवडतात. झिजलेली कडा, सांधलेला कान, काजळीचा डाग, उडालेला टवका. जिथे माणसाचा हात फिरलाय तिथे मुलांना बोलायला काहीतरी सापडतं. एकदा काचेच्या पेटीत एक साधी लाकडी फणी होती. शेजारच्या दालनात सोन्याचे दागिने होते, त्यामुळे तिच्याकडे कुणी बघत नसे. चौथीतल्या एका मुलीनं तिच्यापुढे बराच वेळ उभं राहून लिहिलं, ‘मधले चार दाते तुटलेत. कडेचे शाबूत आहेत. म्हणजे गुंता नेहमी मध्येच व्हायचा.’ तीन छोटी वाक्यं. पहिली दोन डोळ्यांची, तिसरं डोक्याचं. आणि त्या तिसऱ्या वाक्यात अचानक एक माणूस आला, लांब केसांचा, घाईत असलेला. अशी वस्तू शोधायची.

निवडलेल्या वस्तू त्या दिवशी जागेवर असणार आहेत ना, हे अभिरक्षकांना विचारून घ्या. कागद, कापड, जलरंगातली चित्रं अधूनमधून विश्रांतीसाठी आत नेतात. त्यांच्यावर साधारण 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत, कारण प्रकाशानं उडालेला रंग परत येत नाही. दालनात अंधार का, असं मुलं विचारतातच. हे कारण सांगितलं की ती आपोआप हळू बोलू लागतात.

सामान आणि नियम

फक्त पेन्सिली. शाईचा एक थेंब कापडावर किंवा दगडावर पडला तर तो काढणं कठीण, म्हणून बहुतेक संग्रहालयांत पेन चालत नाही. टोक केलेल्या पेन्सिली मोजून न्या, जास्तीच्या दहा ठेवा, टोक करणं दालनाबाहेर. पाठीला पुठ्ठा असलेलं लिहायचं पॅड प्रत्येकाला हवंच, नाहीतर मुलं पेटीच्या काचेवर कागद टेकवून लिहितात. जमिनीवर बसायला सतरंजीचे तुकडे. पिशव्या, डबे, पाण्याच्या बाटल्या बाहेर.

कोरे कागद द्या. रिकाम्या जागा भरायच्या छापील कार्यपत्रिका मी सुरुवातीला एका गटाला दिल्या होत्या, तब्बल अकरा रिकाम्या जागांच्या. मुलांनी वस्तूंकडे पाठ केली आणि शेजारच्या माहितीफलकांवरून उत्तरं उतरवून घेतली. वीस मिनिटांत सगळ्यांची कागदं भरली आणि कुणीही काहीही पाहिलं नव्हतं. चूक मुलांची नव्हती. मी जे मागितलं, ते त्यांनी दिलं.

मुलं येण्याआधी त्यांना जागा दाखवा

अनोळखी जागी मुलांचं लक्ष आधी जागेकडेच जातं. जिना कुठे, स्वच्छतागृह कुठे, डबा कधी खायचा. सहलींवर संशोधन करणाऱ्या जॉन फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्येच हे मांडलं होतं, की जागा अगदी नवी असली तर मुलांची शक्ती ती समजून घेण्यातच खर्च होते. म्हणून शाळेला आठवडाभर आधी प्रवेशद्वाराचे, दालनाचे, बसायच्या जागेचे फोटो आणि दिवसाचा क्रम पाठवा. निवडलेल्या वस्तूंचे फोटो मात्र पाठवू नका. त्यांची पहिली भेट प्रत्यक्षच व्हावी.

आता दालनात

आल्यावर ओळख, नियम, दहा मिनिटं. मग दहा-बारांचे गट, प्रत्येक गटासोबत एक मोठं माणूस. पहिल्या वस्तूसमोर बसवा आणि दोन मिनिटं गप्प राहून नुसतं पाहायला सांगा. लिहायचं नाही, बोलायचं नाही, फलक वाचायचा नाही. शक्य असेल तर फलक कागदानं झाका. दोन मिनिटं फार मोठी वाटतात, तुम्हालाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मोजणी झाली होती. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लोक एका कलाकृतीसमोर सरासरी 27 सेकंद थांबत होते, आणि निम्मे लोक 17 सेकंदांच्या आतच पुढे सरकत होते. म्हणजे तुमची मुलं त्या दोन मिनिटांतच बहुतेक मोठ्यांपेक्षा जास्त पाहून झालेली असतात. हे त्यांना सांगा, खूश होतात.

मग प्रश्न. इथे आपलं पहिलं कर्तव्य म्हणजे माहिती सांगण्याचा मोह टाळणं. अबिगेल हाउसेन या मानसशास्त्रज्ञ आणि फिलिप येनावाइन हे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाचे माजी शिक्षणप्रमुख, या दोघांनी मिळून एक पद्धत घडवली. ती तीन प्रश्नांवर उभी आहे. आपल्या बोलीत ते असे विचारता येतात : इथे काय चाललंय? असं तुला कशावरून वाटतं? आणखी काय दिसतंय? पद्धत चित्रांसाठी घडली, पण दुसरा प्रश्न कुठल्याही वस्तूपुढे चालतो, आणि भाषेच्या दृष्टीनं तोच सोन्याचा. ‘कशावरून’ विचारलं की मुलाला ‘कारण’, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ वापरावंच लागतं. जोडवाक्यं शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो यांनी वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं, की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. ही वेळ तीन सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. मनात सावकाश एक-दोन-तीन मोजा. उत्तर आलं की ‘वा, बरोबर’ म्हणण्याऐवजी तेच जरा नीटस शब्दांत परत बोला : ‘म्हणजे तुझ्या मते हा कान नंतर बसवलाय, कारण त्याचा रंग वेगळा आहे.’ मुलाला आपलं वाक्य सुधारून परत मिळतं, आणि चुकल्यासारखं वाटत नाही.

शब्द जमवणं

लिहिण्याआधी शब्दसाठा करा. मोठ्या कागदावर तुम्ही लिहा, मुलं शब्द देतील. पहिले शब्द ‘सुंदर’, ‘जुना’, ‘छान’ असे येतात. तेही लिहून घ्या, त्यांच्याखाली रेघ ओढा आणि म्हणा, आता हे झाले, यापुढचे शोधू.

इथे घाई करू नका. एकदा एका मातीच्या रांजणावर आडवी-तिडवी रेघ होती. तिला काय म्हणायचं यावरून एका गटात वाद झाला. कुणी म्हणालं तडा, कुणी चीर, कुणी भेग. मी विचारलं, या तिन्हींत फरक काय? एकानं सांगितलं, भेग सुकल्यावर पडते, टाचेला पडते तशी. दुसरी म्हणाली, तडा आपटल्यावर जातो, आणि तो आरपार असतो. चीर बारीक, केसासारखी. मग सगळ्यांनी पेटीला वळसा घालून मागून पाहिलं. रेघ मागेही होती. म्हणजे तडा! तेवढ्यात एकाला काठाशी उडालेला टवका दिसला, एकीला दोरी घासून पडल्यासारखी खाच. पाच शब्द आणि रांजणाचे निरनिराळे अपघात. कुठलाही शब्द मी सांगितला नव्हता, मुलांच्या घरातलेच होते ते. आपल्या भाषेत हे बारकावे भरपूर आहेत. खडबडीत, खरखरीत, रवाळ, गुळगुळीत, तुळतुळीत. वस्तू समोर असली की ते नेमके जागेवर बसतात.

विशेषणं पुरेशी जमली की क्रियापदांकडे वळा. ही वस्तू करताना माणसानं काय काय केलं असेल? मळलं, थापलं, फिरवलं, कोरलं, भाजलं, घासलं. होमरच्या ‘इलियड’ या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या अठराव्या सर्गात अकिलिसच्या ढालीचं लांबलचक वर्णन आहे. तिथे ढाल तयार होऊन टांगलेली नाही, देवांचा लोहार हेफेस्टस ती घडवतो आहे आणि एकेक दृश्य आपल्यापुढे उमटत जातं. मुलांना हे नाव सांगायची गरज नाही. युक्ती घ्या : वस्तू ‘कशी आहे’ हे अडलं की ती ‘कशी झाली’ हे लिहायला सांगा. अडलेली पेन्सिल चालू लागते.

काय लिहून घ्यायचं

एका कार्यशाळेत एकच लेखनप्रकार. मी आलटूनपालटून वापरते ते तीन सांगते.

पहिला, माहितीफलक. पन्नास शब्दांच्या आत, उभ्यानं वाचणाऱ्या अनोळखी माणसासाठी. आधी कागदाचे तीन भाग करून घ्या : दिसतं, वाटतं, विचारायचंय. मग मोठ्या मुलांसोबत क्रियापदाच्या रूपांवर थांबा. ‘हा दिवा आहे’, ‘हा दिवा असणार’, ‘हा दिवा असावा’, ‘हा दिवा असेल’. खात्री पायरीपायरीनं उतरत जाते. काजळी दिसली तर ‘असणार’, नुसता आकार दिव्यासारखा असेल तर ‘असावा’, आणि पुरावाच नसेल तर ‘असेलही’. व्याकरणाच्या तासाला कंटाळवाणी वाटणारी ही रूपं इथे पुराव्याचं वजन सांगायला लागतात. फलक लिहून झाले की मूळ फलकावरचा कागद काढा. मुलं धावत जाऊन वाचतात, आणि आपलं चुकलं की बरोबर यापेक्षा ‘त्यांनी तो टवका लिहिलाच नाही’ अशी तक्रार करतात. ती तक्रार ऐकली की काम झालं समजा.

दुसरा, पत्र. ब्रिटिश म्युझियममध्ये हातात मावेल एवढी मातीची एक पाटी आहे, उंची 11.6 सेंटीमीटर. आजच्या इराकमधल्या ऊर नगरात सापडलेली, इसवी सनपूर्व 1750 च्या सुमाराची. नान्नी नावाच्या गिऱ्हाइकानं इया-नासिर या व्यापाऱ्याला अक्कादी भाषेत लिहिलेलं ते तक्रारपत्र आहे. तांबं हलकं दिलंस, माझ्या माणसाला अपमान करून परत पाठवलंस, यापुढे मी माझ्या अंगणात एकेक पाहूनच माल घेईन, असा त्याचा आशय. मी हे थोडक्यात सांगते आणि मग म्हणते, समोरची वस्तू विकत घेतलेल्या माणसाचं पत्र लिहा. तक्रार करा किंवा आणखी एक मागवा, पण निदान तीन गोष्टी अशा हव्यात ज्या वस्तूकडे पाहूनच कळतील. ‘कुलपाची किल्ली उजवीकडे फिरवताना अडते, तिथे तुम्ही खिळा वाकडा मारलाय’ असं काही येतं तेव्हा फार बरं वाटतं. मायना, सूर, आदरार्थी रूपं सगळं या पत्रात आपोआप विचारात घ्यावं लागतं.

तिसरा, वस्तूचं बोलणं. यात एक धोका आहे. आपल्या मुलांच्या हाताला आत्मवृत्ताचा निबंध बसलेला असतो. ‘मी एक जुना दिवा बोलतोय, आज मी कोपऱ्यात पडून आहे’ हे वर्गातच लिहिता आलं असतं. म्हणून अट घाला : स्वतःचं नाव सांगायचं नाही, रडगाणं नाही, आणि फक्त एका क्षणाबद्दल बोलायचं. टवका उडाला तो क्षण. शेवटची काजळी धरली ती रात्र.

लिहायला वीस मिनिटं. त्या वेळात तुम्ही मध्ये बोलू नका. अडलेल्या मुलाजवळ खाली बसा आणि कागदाकडे न पाहता वस्तूकडे बोट करून विचारा, ‘तिथे काय आहे?’ तो सांगेल. ‘हेच लिही.’ बहुतेक वेळा एवढं पुरतं.

ज्यांना लिहिणं जड जातं

त्यांचं बोलणं मोठ्यांनी उतरवून घ्यावं, मुलाच्याच शब्दांत, सुधारणा न करता. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी हाताळता येतील अशा वस्तू किंवा प्रतिकृती आधीच मागून ठेवा. स्पर्शाचे शब्द गटात सर्वांत नेमके त्यांच्याकडूनच येतात, तेव्हा हाताळणं सगळ्यांनाच ठेवता आलं तर उत्तम.

वेगळी घरभाषा असलेल्या मुलाला पहिला खर्डा आपल्या भाषेत लिहू द्या. प्राचीन इजिप्तमधल्या रोझेटा शिलेवर एकच फर्मान चित्रलिपी, डेमोटिक (तिथली रोजच्या व्यवहाराची लिपी) आणि ग्रीक अशा तीन लिप्यांत कोरलेलं आहे. शिला 1799 मध्ये सापडली, आणि ग्रीक मजकुराच्या आधारानं शांपोलियननं 1822 मध्ये चित्रलिपी उलगडली. एकाच फलकाखाली दोन-तीन भाषा आल्या तर काही बिघडत नाही. उलट ‘तुमच्याकडे तड्याला काय म्हणतात?’ हा प्रश्न सगळ्या गटाला पुरतो.

वाचन आणि वेळ

प्रत्येकानं सगळं वाचायला हवं असं नाही. ‘तुझं सर्वांत आवडतं एक वाक्य वाच’ म्हणा. ऐकणाऱ्यांनी वस्तूवर ती जागा शोधायची. जागा सापडली की वाक्य खरं उतरलं. टाळ्यांपेक्षा ही दाद मुलांना जास्त पोचते, आणि वर्गात लिहिता येणारी वाक्यं कुणाला न दुखावता आपोआप बाजूला पडतात.

सगळं मिळून दीड तास. संग्रहालयाचा थकवा खरा असतो. बोस्टनच्या बेंजामिन गिलमन यांनी 1916 मध्येच वाकून, ताणून, मान वळवून पाहणाऱ्या माणसांचे फोटो घेऊन तो दाखवला होता. पहिली वस्तू पाहण्या-बोलण्याला अर्धा तास, दुसरी आणि तिसरी छोटी, मग लेखन, मग वाचन. वेळ कमी पडला तर तिसरी वस्तू सोडा, वाचन सोडू नका.

परत गेल्यावर

कागद मुलांबरोबरच जाऊ द्या, पण जाण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवा. शिक्षकांना सांगा की दोन दिवसांनी हेच लेखन पुन्हा काढून एकदाच सुधारून घ्यावं. शुद्धलेखन शेवटी. आधी प्रत्येकानं आपल्या कागदावर वर्गात बसून लिहिता आलं असतं असं एक वाक्य शोधायचं आणि खोडायचं. मुलं हे फार कठोरपणे करतात, मोठ्यांपेक्षा कितीतरी.

सुधारलेले फलक परत आले तर संग्रहालयाची परवानगी घेऊन काही दिवस त्या त्या पेटीशेजारी लावा, मुलाच्या नावाऐवजी नुसती इयत्ता लिहून. आणि तुमच्यासाठी, त्याच संध्याकाळी, विसरायच्या आत वहीत लिहून ठेवा : कुठली वस्तू बोलली, कुठली गप्प राहिली, कुठल्या प्रश्नानंतर शांतता पडली आणि ती किती वेळ टिकली. पुढच्या गटासाठी वस्तू निवडताना ही वही उघडायची.